सोलार आणि अल्टरनेटर एकाच बॅटरीवर
भावा, सोलार आणि गाडीचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) एकाच वेळी गाडीत मागे मुक्कामासाठी बसवलेल्या वेगळ्या बॅटरीला जोडले तर भांडतील का असं विचारलंयस, तर नाही, बिनधास्त जोड, दोन्ही चार्जरचा करंट मिळून बॅटरीत जातो आणि बॅटरी भरत आली की ज्याचं व्होल्टेज सेटिंग कमी तो आधी हात आखडता घेतो, एवढंच. फक्त दोन्हीवर सेटिंग त्याच बॅटरीचं ठेव, १२ व्होल्टच्या लिथियम फॉस्फेटला (LiFePO4) १४.२ ते १४.४ व्होल्ट, आणि एकूण करंट बॅटरीच्या लिमिटच्या आत, १०० एएच (अँपिअर-अवर) बॅटरीला साधारण ५० अँपिअर बास.

अल्टरनेटरची वायर मात्र डायरेक्ट टाकू नको रे! रिकामी लिथियम एवढा करंट ओढते की आयडलिंगला अल्टरनेटर तापून जळायची भीती, शिवाय बीएस ६ गाड्यांत बऱ्याचदा स्मार्ट अल्टरनेटर असतो, तो मध्येच व्होल्टेज पाडतो. मध्ये डीसी-डीसी चार्जर हवाच, तो करंट मर्यादेत ठेवतो आणि बॅटरीला हवं ते व्होल्टेज देतो. प्रत्येक चार्जरच्या वायरला बॅटरीजवळ वेगळा फ्यूज टाक, आणि वायरच्या टोकाचे लग (धातूची टोपणं) कोल्हापूरच्या उद्यमनगरात हायड्रॉलिक टूलनेच क्रिंप करून, म्हणजे दाबून, घे.

जुलैत गगनबावड्याला जाणार असशील तर सोलारचा भरवसा धरू नको, दिवसभर पाऊस नि धुकं, पॅनेल नावालाच. तेव्हा अल्टरनेटर, नाहीतर मुक्कामाला २३० व्होल्टचा चार्जर.