टाइपरायटर फॉन्ट मोठा केला की नकली का दिसतो?

शाईडाग: नाटकाचं पोस्टर करतोय, शीर्षक इंग्रजीत आणि ते जुन्या टाइपरायटरवर बडवल्यासारखं दिसायला हवंय. झिजलेल्या कडा, कुठे शाई दाट कुठे उडालेली असला फॉन्ट घेतला, स्क्रीनवर भारी वाटला पण ए२ प्रिंट काढली तर एकदम प्लास्टिक. नक्की काय खटकतंय?

कर्निंगवाला: शीर्षकात एकच अक्षर दोनदा आहे का? दोन टी शेजारी आले आणि दोघांवर त्याच जागी तोच ओरखडा असेल तर डोळा लगेच पकडतो. खऱ्या मशीनवर खिळ्याचा (अक्षराच्या धातूच्या ठशाचा) दोष, म्हणजे वाकडेपणा, तुटलेली शेपटी, ई किंवा ओ चं बुजलेलं पोट, हा दर वेळी तोच येतो, पण शाई आणि बोटाचा जोर दर ठोक्याला वेगळा. फुकटचे बरेच फॉन्ट दोन्ही सारखंच छापतात. सॉफ्टवेअरमधल्या ओपनटाइप (फॉन्टच्या जादा सोयी) सेटिंगमध्ये कॉन्टेक्शुअल अल्टरनेट्स ऑन करून बघ, फॉन्टमध्ये एका अक्षराची दोनतीन रूपं दिली असतील तर आलटून पालटून येतील. एरिक व्हान ब्लॉकलंडचा ट्रिक्सी (१९९१) हा या जातीतला गाजलेला फॉन्ट, त्याच्या नंतरच्या एचडी आवृत्तीत ही सोय आहे.

जुनीफीत: आणि कृपा करून अक्षरं जवळ ओढू नकोस!! टाइपरायटरची दोन नेहमीची मापं, पायका मशीनवर इंचात १० अक्षरं, एलीटवर १२, मग आय असो की एम, जागा तेवढीच. ती मोकळीक घालवली की वर कितीही डाग पाडा. (अमेरिकन टाइपरायटर हा फॉन्ट नावालाच टाइपरायटर, त्याच्या अक्षरांची रुंदी कमीजास्त आहे.)

कागदकिडा: प्लास्टिक दिसण्याचं कारण बहुतेक ऑटोट्रेस (स्कॅनवरून सॉफ्टवेअरने आपोआप काढलेली अक्षराची कड), बारीक खडबडीत कडा गोल गुळगुळीत होऊन जातात. चारपाच शब्दच असतील तर मी फॉन्टच्या नादी लागणार नाही, सरळ मशीनवर कापडी फितीने टाइप करून स्कॅन. फक्त हिशोब कर, कॅपिटल असतं जेमतेम तीन मिलिमीटर, ते सहा सेंटिमीटर करायचं म्हणजे वीसपट, २४०० डीपीआयला (इंचात २४०० ठिपके) स्कॅन केलं तरी हातात १२० उरतात. लांबून बघायच्या पोस्टरला चालतं, पण त्याखाली जाऊ नको.

शाईडाग: दोन टी आहेतच 😅 खाली एक मराठी ओळ पण आहे, तिचं काय करू?

जुनीफीत: तिच्यावर इंग्रजीवालं टेक्श्चर नुसतं चढवू नको, शिरोरेषा सलग राहते आणि तिथेच पकडला जाशील. देवनागरी मशीनवर बऱ्याच अक्षरांचा काना वेगळ्या ठोक्याने लागायचा, वरची मात्रा पण वेगळी, त्यामुळे रेघ जोडाजोडांवर तुटते, मात्रा सरकलेली असते. साधा फॉन्ट घे, आउटलाइन कर (म्हणजे अक्षरांचे सुटे आकार होतील), अक्षरं किंचित वरखाली आणि मात्रा सुट्या करून हलव. डाग सगळ्यात शेवटी, आणि कमीच.