आईच्या हिरडीचं माप एकीकडे ६, दुसरीकडे ४. धरायचं कोणतं?

नमस्कार मंडळी. आम्ही परळीचे. आई ६१ वर्षांची, शुगर आहे, मिसरीची जुनी सवय. ब्रश करताना रक्त येतं म्हणून लातूरला दाखवलं. डॉक्टरांनी बारीक सळई (प्रोब) हिरडीत घालून एकेका दाताला सहा ठिकाणी दात-हिरडीमधल्या फटीच्या, म्हणजे पॉकेटच्या, खोलीची मापं घेतली. ते आकडे सांगत गेले, सिस्टर लिहीत गेली. खालच्या एका दाढेला मागून ६ मिलिमीटर निघाले. म्हणाले, फ्लॅप सर्जरी (हिरडी उघडून आतली सफाई) लागेल.

मन मानेना, म्हणून पुढच्याच आठवड्यात संभाजीनगर गाठलं. त्याच जागी ४! मधे ना साफसफाई, ना गोळ्या. १ मिलिमीटर इकडंतिकडं होतं म्हणतात. पण इथं २ चा फरक आहे आणि चिरफाड त्यावरच ठरतेय.

लातूरला आई कळवळली होती, दुसरीकडे हूं की चूं नाही. लातूरच्या सळईवर नुसत्या रेघा होत्या, संभाजीनगरच्या सळईवर काळे पट्टे. त्यानं फरक पडतो का? की कॉम्प्युटरवाल्या मशीनवर मोजून घ्यावं? (मामांचा सल्ला 'दाढ उपटून टाका'. तो बाजूला ठेवलाय.)

प्रतिसाद – दाढदुखी
दातांचाच डॉक्टर आहे, नांदेडकडचा. रेघांची ती बहुतेक विल्यम्स प्रोब. तिच्यावर ३ नंतर थेट ५ आणि मग ७. वाचायला सोपं जावं म्हणून ४ आणि ६ च्या खुणाच नसतात. तसं असेल तर तुमचे ६ नजरेच्या अंदाजाचे. पट्ट्यांची यूएनसी-१५ असावी, तिला दर मिलिमीटरला खूण असते.

दाब साधारण २०-२५ ग्रॅमचा हवा, पण हाताला वजनकाटा नसतो. त्यात सुजलेल्या हिरडीत टोक पॉकेटच्या तळाच्याही पलीकडे घुसतं, आकडा फुगतो. उलट कीटण आडवं आलं की सळई वरच अडते. म्हणून ४ च खरे असंही समजू नका. मशीन दाब सारखा ठेवते, कीटण तिलाही अडवतं. त्यासाठी धावपळ नको.

आधी खोलवर सफाई करून घ्या. दीड-दोन महिन्यांनी त्याच डॉक्टरांकडून, त्याच प्रोबनं पुन्हा माप. सर्जरीचं तेव्हा बघा. एक्स-रेत हाड किती झिजलंय? दाढ हलते का? तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) किती?

धागाकर्ता
शुगर ९.१. दाढ हलत नाही. एक्स-रे दोघांनीही काढला नाही, उद्या इथं परळीतच काढून घेतो.