मदत हवी आहे: व्होल्टेज डिव्हायडरसाठी (दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज कमी करायला) ३९के (किलोओहम) घेऊ की ३६के?

१२ व्होल्टच्या बॅटरीचं व्होल्टेज मायक्रोकंट्रोलरच्या एडीसीला (व्होल्टेज आकड्यात बदलणारा भाग) मोजायचंय. चार्जिंग चालू असताना ते १५ व्होल्टपर्यंत जाईल असं धरलंय आणि एडीसीची मर्यादा ३.३ व्होल्ट. खालचा रेझिस्टर १०के घेतला तर वरचा ३५.४५के येतो. अर्थात, असा काही मिळत नाही.

रेझिस्टर ठरावीक मूल्यांतच मिळतात; त्यांच्या ई१२ मालिकेत ३३के नंतर थेट ३९के. ३३के लावला तर १५ व्होल्टला ३.४९ होतात, म्हणजे तो बाद. ३९के लावला तर ३.०६, सुरक्षित, पण वरची थोडी रेंज वाया जाते. जास्त मूल्यं असलेल्या ई२४ मालिकेतला ३६के घेतला तर ३.२६. छान वाटतं, पण टॉलरन्स (छापील मूल्यापेक्षा प्रत्यक्षात पडू शकणारा फरक) धरला की गंमत होते: ३६के आणि १०के दोन्ही १ टक्क्याचे असतील आणि नेमके उलट दिशेने सरकले, तर ३.३१. आणि ५ टक्केवाले ३९के-१०के घेतले तरी वाईटात वाईट ३.३१च!

मग १ टक्क्याचाच ३९के घेऊन थोडी रेंज सोडून द्यावी का? की ३३के आणि ३.३के सिरीजमध्ये लावावेत? मला जोडाजोडी फारशी आवडत नाही, पण हे दोन्ही हाताशी आहेत.

दुसरं म्हणजे, बॅटरीतून सतत ०.३ मिलिअँपिअर जाणं खटकतंय. दोन्ही रेझिस्टर दहापट केले तर एडीसीला सुमारे ८०के सोर्स इम्पीडन्स (मागच्या सर्किटचा रोध) दिसेल, आणि त्याने रीडिंग चुकायची भीती. पिनवर १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावून भागतं का? रीडिंग सेकंदाला एकच घ्यायचंय.