वनजमिनीतून पाड्याचा रस्ता : कलम ३(२) खाली परवानगी कशी काढायची?

डोंगरवाट :
पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत १,४०० मीटर अंतर आहे आणि सगळा पट्टा राखीव वनाचा. ग्रामसडक योजनेतून निधी मंजूर आहे. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मधून (रस्त्यासारख्या गावाच्या सोयींसाठी एक हेक्टरच्या आतली वनजमीन देण्याची तरतूद) काम होईल असं रस्ता बांधणारी यंत्रणा म्हणते. ग्रुप ग्रामपंचायतीचा ठराव झालेला आहे, तो चालेल का? आखणीत दोन घरांची दळी (डोंगरउतारावरची कसायची वनजमीन) येते. त्यांचे वनहक्क दावे अजून प्रलंबित आहेत.

गटनंबर :
तो ठराव चालणार नाही. नेहमीच्या ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतला कमी आकडा पुरतो. इथे ग्रामसभा पाड्याची हवी आणि किमान निम्मे सभासद हजर हवेत. बायकांची हजेरी एक तृतीयांशाच्या खाली जाऊ देऊ नका. वहीत आधी अंगठे घेऊन नंतर मजकूर लिहायची पद्धत फार ठिकाणी आहे, आणि हरकत आली की प्रकरण तिथेच पडतं. ठरावात कंपार्टमेंट नंबर (वनखात्याने पाडलेल्या वनाच्या भागाचा क्रमांक), लांबी, रुंदी, झाडांची संख्या लिहा. "रस्त्यास मंजुरी" एवढंच लिहिलं तर उद्या आखणी सरकली तरी तुमचीच संमती दाखवतील.

पुढचा क्रम असा. यंत्रणा नमुना 'अ' (अर्जाचा ठरलेला फॉर्म) आणि ठराव वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे देते. तो जागा पाहून दोन आठवड्यांत उपवनसंरक्षकाकडे अहवाल पाठवतो, तिथला निर्णय चार आठवड्यांत व्हायला हवा. ते सहमत नसतील तर प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या जिल्हास्तरीय समितीपुढे जातं. क्षेत्र एक हेक्टरच्या आत असेल तर १९८० च्या वन कायद्याखाली केंद्राची मंजुरी लागत नाही. पट्टा अभयारण्यात असेल तर मात्र वन्यजीव कायद्याची परवानगी वेगळी लागते.

चुनाफक्की :
आधी क्षेत्र मोजा, कारण खरी अडचण तिथे आहे. १,४०० मीटर लांबी गुणिले ७.५ मीटर रुंदी म्हणजे १०,५०० चौरस मीटर, १.०५ हेक्टर. कलम ३(२) ची हद्द ओलांडली! रुंदी ७ मीटर धरली तर ०.९८ हेक्टर येतं. पण रुंदी म्हणजे नुसता डांबराचा पट्टा नव्हे. डोंगरकडची कटाई जिथे सुरू होते तिथपासून भरावाच्या पायथ्यापर्यंत मोजायचं, गटारासकट. कागदावर ७ आणि जागेवर ११, असं दर पावसाळ्यात दरड कोसळली की उघडं पडतं. तोडायच्या झाडांची मर्यादा हेक्टरी ७५, म्हणजे ०.९८ हेक्टरला ७३. दोन तुकडे करून दोन प्रस्ताव टाका असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. ते कायद्याला बगल देणं आहे.

आखणी ठरण्याआधी शिवारफेरी झालीच पाहिजे. कनिष्ठ अभियंता, तलाठी, वनरक्षक, सरपंच आणि पाड्यातले लोक असे सगळे बरोबर चालतात. फोटो आणि इतिवृत्त प्रकल्प अहवालाला जोडतात.

डोंगरवाट :
आणि दळीचं?

गटनंबर :
कलम ४(५) प्रमाणे दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत त्यांना जमिनीवरून हटवता येत नाही. कोऱ्या संमतिपत्रावर सह्या घेऊन हे सुटत नाही. वनहक्क समितीकडून स्थळपाहणी आणि कच्चा नकाशा आधी करून घ्या, दावे उपविभागीय समितीकडे रेटा. या योजनेत जमिनीच्या मोबदल्याला पैसा नसतो, म्हणून "रस्ता तुमच्यासाठीच आहे" म्हणत गरिबाची दळी फुकट जाते. हे होऊ देऊ नका. शिवारफेरीतच आखणी बांधावरून वळवता येते का ते पाहा.

चुनाफक्की :
वळवताना ओढ्याकडे लक्ष ठेवा. कटाईचा मुरूम उतारावरून खाली लोटला की पहिल्याच पावसात खालच्या भातखाचरात बसतो. टाकायची जागा नकाशावर दाखवून ठरावात लिहा. मोऱ्यांना ९०० मिलिमीटर किंवा मोठे पाइप मागा. ६०० चा पाइप पाल्याने तुंबतो आणि आत शिरून साफ करता येत नाही.