'कोरस नाही' म्हणजे नक्की काय नाही?

ताम्हण: दिवाळी अंकासाठी क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या गाण्यावर लेख लिहितेय. त्यात एक वाक्य होतं: 'सहा मिनिटांना पाच सेकंद कमी, वर कोरसही नाही, तरी १९७५ साली ब्रिटनमध्ये लोकांनी गाणं डोक्यावर घेतलं.' संपादकांचा समासात शेरा: 'मधलं मिनिटभर कोरसच तर आहे! पुन्हा ऐका.' मला म्हणायचं होतं की फिरून फिरून येणारी ओळ त्यात नाही. 'ध्रुवपद' लिहिलं तर अभंग वाटतो, 'पालुपद' लिहिलं तर टोमणा. काय लिहू?

गवतीचहा: संपादक बरोबर आहेत. मराठीत कोरस म्हणजे चारचौघांनी मिळून गायचं. शाळेच्या गॅदरिंगला मी दरवर्षी 'कोरसमध्ये' असायचे, म्हणजे मागच्या रांगेत, माइकपासून शक्य तितकी लांब. तुमचा अर्थ गिटारवाल्या पोरांचा.

घाटमाथा: ध्रुवपदाचं वावडं का? गाथेत ॥ध्रु.॥ छापलेलं असतं ते काय उगाच? आरतीत 'जय देव जय देव' आलं की कडवी पाठ नसलेला पाहुणाही आवाज चढवतो. तुमच्या कोरसचं काम यापेक्षा वेगळं आहे का? आणि कृपा करून कोणी 'धृपद' लिहू नका. ध्रुव आहे तो, न हलणारा.

अर्धवटराव: ध्रुपद गायकी म्हटली की आम्हाला तिचे स्थायी, अंतरा, संचारी, आभोग हे भाग आठवतात. एका शब्दावर किती ओझी घालाल? बाकी गाण्याच्या त्या मधल्या भागात माणसं तीनच आहेत, बँडमधलीच: फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर. त्यांचेच आवाज थरावर थर चढवलेत. टेप इतकी घासली गेली की आरपार दिसायला लागलं, असं ब्रायन मे सांगतो. तिघांच्या गाण्याला कोरस म्हणायचं का?

गवतीचहा: शाहिरामागे सूर धरणारे, झील ओढणारे झीलकरी किती असतात? दोन-तीनच. तरी 'जी जी रं जी'नं मैदान भरतं.

घाटमाथा: वा! झील! अस्सल शब्द. 'मधल्या भागात झील आहे' असं लिहा.

कोपरखळी: 'बिस्मिल्ला'ची झील आणि 'गॅलिलिओ'ची झील. लेख वाचून लोक तमाशाची तिकिटं काढतील. तसा मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकलेला, पहिला बँड 'द हेक्टिक्स' तिथलाच. म्हणजे झील अगदीच परकी नाही म्हणा.

घाटमाथा: टिंगल सोपी असते. शब्द वापरला नाही तर मरणारच.

अर्धवटराव: पालुपदाला टोमणा का चिकटला याचा माझा एक तर्क आहे. पल्लव, पालव म्हणजे पदर. गाण्याचा पदर ते पालुपद. कर्नाटक संगीतातली 'पल्लवी' त्याच घरातली. पण आमच्या आजीनं 'तुझं आपलं एकच पालुपद' म्हणून म्हणून शब्दाची पार रया घालवली.

गवतीचहा: मी तर त्याचं नातं 'पाल्हाळा'शी समजत होते.

अर्धवटराव: पाल्हाळ लांबत जातं, पालुपद तिथल्या तिथे फिरतं. बाजूच्या घरात राहतात म्हणून भावंडं होत नाहीत.

कोपरखळी: माझी हरकत 'डोक्यावर घेतलं'ला आहे. हे गाणं रेडिओवर चालायचं नाही, फार लांब आहे, असंच आधी सांगितलं जात होतं. केनी एव्हरेट या निवेदकानं दोन दिवसांत ते चौदा वेळा वाजवलं. त्यानं ते *उचलून धरलं*. पडू बघणारी गोष्ट उचलून धरतात. लोकांनी डोक्यावर घेतलं ते त्यानंतर, सलग ९ आठवडे पहिला नंबर. मग तो नंबर 'आबा' या स्वीडिश बँडच्या 'मामा मिया'नं घेतला. गंमत म्हणजे हेच दोन शब्द क्वीनच्या गाण्यातही आहेत.

ताम्हण: हा फरक माझ्या लक्षातच आला नव्हता. दोन्ही वापरते. १९९१ साली मर्क्युरी गेल्यावर पुन्हा पहिला नंबर आला, त्याला काय म्हणाल?

कोपरखळी: त्याला डोळे पुसणं म्हणतात.

टेम्सकाठी: उशिरा आलो. २०१७ साली लंडनच्या हाइड पार्कात ग्रीन डे या बँडच्या कार्यक्रमाला होतो. बँड यायचा होता, स्पीकरवर हे गाणं लागलं. माझ्या शेजारी एक टकला गृहस्थ बिअरचा प्लास्टिकचा ग्लास छातीशी धरून डोळे मिटून गात होता. हजारो लोकांनी पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत म्हटलं, गिटारसुद्धा तोंडानं वाजवली. ग्लासातली बिअर त्याच्या बुटांवर सांडत होती, त्याला पत्ता नव्हता. आता सांगा, कोरस कुठला आणि कडवं कुठलं?

गवतीचहा: सगळाच कोरस. मागची रांग जिंकली!

घाटमाथा: सगळंच ध्रुवपद म्हणा की.

ताम्हण: मंडळी, अंक छपाईला चाललाय. 'परत परत येणारी ओळ नाही' असं लिहून मोकळी झाले. संपादकांनी 'परत परत'चं 'पुन्हा पुन्हा' केलं.

घाटमाथा: योग्यच केलं. परत म्हणजे माघारी. पुस्तक परत देतात, ओळ पुन्हा येते.

गवतीचहा: आमच्याकडे 'परत सांग' म्हणजे पुन्हाच सांग. माघारी कसं सांगणार?

घाटमाथा: आमच्याकडे म्हणजे कुठे?