सिडनी ते होबार्ट शिडांची शर्यत: इतिहास आणि थोडं मार्गदर्शन हवं आहे

मीना_ठाणे

नमस्कार मंडळी. डिसेंबरमध्ये आम्ही दोघं मुलाकडे सिडनीला चाललोय. मुलगा म्हणतो, २६ तारखेला कुठेही फिरायला जायचं नाही, सगळं शहर शिडाच्या बोटींची शर्यत बघायला समुद्रावर असतं. ह्यांना या विषयाचं फार वेड. ठाण्याच्या खाडीपलीकडे कधी होडीत बसले नाहीत ती गोष्ट वेगळी.

थोडं वाचलं तर कळलं की १९४५ च्या पहिल्या शर्यतीत जिंकलेल्या बोटीचं नाव होतं 'राणी'. म्हणजे बोट भारतातली होती का? ह्यांनी तर तेवढ्यावर शेजाऱ्यांना सांगूनही टाकलंय. दुसरं म्हणजे, दर वर्षी बातमीत दोन दोन विजेते का असतात? आणि १९९८ चा उल्लेख सगळे दबक्या आवाजात करतात, तेव्हा नक्की काय झालं? जाणकारांनी सांगावं. मला यातलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे अगदी सोप्या भाषेत.

पॅरामाटाचा_पक्या

मीनाताई, स्वागत! दुपारी १ वाजता तोफ होते आणि बोटी सुटतात. साऊथ हेडला, म्हणजे बंदराच्या तोंडावरच्या टेकाडावर, जायचं असेल तर सर्क्युलर कीवरून वॉटसन्स बेची फेरी पकडा. गाडी अजिबात काढू नका, मी एकदा काढली होती आणि शर्यत रेडिओवर ऐकली. टोपी, पाणी, सनस्क्रीन, सोबत चिवडा. अकराच्या आत जागा धरा. दोन विजेत्यांचं म्हणाल तर आधी पोचतो तो जिंकतो, दुसरा बहुतेक उत्तेजनार्थ असावा. 🙂 इतिहासाचं इथले काका सांगतील.

निवृत्त_इंजिनवाला

पक्या, तुझा चिवडा बरोबर, उत्तेजनार्थ चूक. खरं उलटं आहे.

मीनाताई, मी मूळचा मालवणचा. तीस वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिनात काढली, आता लेकीकडे होबार्टला, टास्मानिया बेटावर असतो. म्हणजे तुम्ही शर्यतीच्या सुरुवातीला असाल आणि मी शेवटाला. जरा लांब लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी 'राणी'. नाव आपलं, पण बोट भारतातली नव्हे. यजमानांना शेजाऱ्यांकडे परत जावं लागणार. ती होती कॅप्टन जॉन इलिंगवर्थ यांची. हे ब्रिटिश नौदलातले इंजिनिअर, युद्धाच्या शेवटी सिडनीत नेमणुकीवर होते. (इंजिनवाला माणूस शिडांची शर्यत सुरू करतो, याचा मला उगाच अभिमान आहे.) सिडनीत क्रूझिंग यॉट क्लब १९४४ मध्ये निघालेला. त्यातल्या पीटर ल्यूक आणि मित्रांचा बेत साधा होता, नाताळच्या सुट्टीत रमतगमत होबार्टपर्यंत जाऊन यायचं. ल्यूक यांनी इलिंगवर्थना सोबत बोलावलं. ते म्हणाले, येतो, पण मग शर्यतच लावू की! झालं. सहलीची शर्यत झाली.

२६ डिसेंबर १९४५ ला ९ बोटी निघाल्या. रात्रीच वादळाने गाठलं. काहींनी आडोसा घेतला, काहींनी शिडं उतरवून वाट पाहिली. इलिंगवर्थ शीड कमी करून चालतच राहिले. 'राणी' दिसेनाशी झाली, विमानं शोधायला गेली तरी सापडेना, लोकांनी आशा सोडली. सापडणार कशी? सगळे मागे शोधत होते आणि ती होती कितीतरी पुढे. ६ दिवस १४ तास २२ मिनिटांत होबार्टला लागली. दुसरी आलेली 'विन्स्टन चर्चिल' तिच्या १७ तास मागे. हे दुसरं नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणि ज्यांच्या डोक्यातून सहल निघाली ते ल्यूक? त्यांची 'वेफेरर' सगळ्यांत शेवटी आली, ११ दिवस ६ तास २० मिनिटांनी. इतका वेळ घेऊन शर्यत पुरी करण्याचा विक्रम आजही त्यांच्याच नावावर आहे. मला तर वाटतं, त्या नऊ जणांत ठरलेली सहल खरोखर केली ती एकट्या ल्यूकनी.

आता दोन विजेते. अंतर ६२८ सागरी मैल, म्हणजे आपले साधारण ११६० किलोमीटर. शंभर फुटी बोट आणि पस्तीस फुटी बोट एकाच रेषेवरून सुटतात. लांब बोट मुळातच जोरात पळते, तेव्हा ती आधी पोचली यात नवल काय? म्हणून प्रत्येक बोटीला तिच्या मापांवरून एक आकडा देतात आणि लागलेल्या वेळाला त्याने गुणतात. समजा, मोठीला ४८ तास लागले आणि तिचा आकडा १.९, तर झाले ९१ तास १२ मिनिटं. छोटीला ९६ तास लागले, आकडा ०.९३, म्हणजे ८९ तास १७ मिनिटं. छोटी जिंकली! मुख्य चषक, टॅटरसॉल्स कप, या हिशोबाने मिळतो. रेषा पहिली ओलांडण्याचा मान वेगळा. पेपरात फोटो मात्र त्याचाच येतो, कारण तेव्हा पत्रकार जागे असतात आणि छोटी बोट जिंकली हे कळेपर्यंत त्यांची सुट्टी सुरू झालेली असते. 'राणी'ने पहिल्या वर्षी दोन्ही मान घेतले होते.

आता धोका कुठे ते. मी बास सामुद्रधुनीतून मोठ्या जहाजाने गेलोय, तिथेही माझा डबा दोनदा जमिनीवर गेला. ऑस्ट्रेलिया आणि टास्मानियामधला हा पट्टा उथळ, सरासरी ६० मीटरच्या आसपास. पश्चिमेकडून हजारो मैल मोकळी आलेली लाट या उथळ पाण्यात शिरते आणि उभी राहते. त्यातच किनाऱ्याने उत्तरेकडून दक्षिणेला वाहणारा कोमट प्रवाह. बोटी त्याच्यावर स्वार होऊन खुशीत खाली येतात, आणि नेमका दक्षिणेकडून वारा सुटला की पाणी एकीकडे, वारा दुसरीकडे. कोकणातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. ओहोटीचं पाणी खाडीबाहेर निघालेलं असावं आणि समोरून पश्चिमेचा वारा यावा, तेव्हा खाडीच्या तोंडावर काय होतं ते आठवा. आमचे बाबा नुसतं "वारो फिरलो" म्हणायचे आणि होडीतले सगळे गप्प व्हायचे. तेच इथे, शंभरपट.

१९९८ ला हेच झालं. ११५ बोटी सुटल्या, छान ऊन, पाठीवर वारा, रंगीत फुगलेली शिडं. सुटल्यावर थोड्याच वेळात हवामान खात्याने वादळाचा इशारा दिला. आता ग्यानबाची मेख बघा. अंदाजात वाऱ्याचा जो वेग सांगतात तो सरासरी असतो. झोत त्याच्या ४० टक्के वर जाऊ शकतो, आणि लाटांचंही तसंच. बऱ्याच जणांनी तो आकडा म्हणजे कमाल धरला. २७ तारखेला दुपारी कमी दाबाचा पट्टा सामुद्रधुनीच्या तोंडावर आला, आणि नेमक्या तिथेच बोटींचा घोळका होता.

'विन्स्टन चर्चिल' आठवते ना? पर्सी कव्हरडेल यांनी १९४२ मध्ये होबार्टलाच बांधलेली लाकडी बोट. ५३ वर्षांनी ती या शर्यतीतही होती. एका लाटेने फळ्या फुटल्या आणि ती गेली. माणसं दोन तराफ्यांत उतरली. एका तराफ्यात पाच जण. तो उलटला. वरचा तळ, खालचं छत, आत हवा नाही. त्यांनी श्वासासाठी तळाला भोक पाडलं. पुढे लाटांनी तेच भोक फाडून मोठं केलं, आणि मग एका लाटेत तिघं वाहून गेले. दोघं फाटलेल्या रबराला धरून रात्र काढून वाचले. त्या वर्षी एकूण ६ जण गेले, ५ बोटी बुडाल्या, ५५ जणांना वाचवलं, त्यातले कित्येक हेलिकॉप्टरच्या दोरावरून. होबार्टला ४४ बोटी पोचल्या.

चषक कोणाला मिळाला माहितेय? 'मिडनाइट रॅम्बलर'. पस्तीस फुटी. म्हणजे 'राणी'एवढीच.

दमलो. बाकीचं उद्या.

वाऱ्यावरची_वरात

काका, सुरेख! मी मुंबईत छोट्या शिडाच्या होड्या चालवते (छंद म्हणून, बंदरातल्या बंदरात), त्यामुळे थोडी भर.

बायका यात पहिल्यापासून आहेत. दुसऱ्याच वर्षी, १९४६ ला, जेन टेट नवऱ्याबरोबर 'अ‍ॅक्टिव्ह'वर शर्यत पुरी करून आल्या. त्याच वर्षी डॅगमर ओब्रायनही निघाल्या होत्या, पण त्यांची बोट अर्ध्यातून फिरली. आता पहिल्या येणाऱ्या महिला कप्तानाला जेन टेट यांच्या नावाचा करंडक देतात.

आणि काका मोठ्या बोटींना जरा सावत्र वागणूक देतात असं वाटतंय. 😄 'वाइल्ड ओट्स इलेव्हन'ने ९ वेळा रेषा पहिली ओलांडली आहे, ही काय खायची गोष्ट नाही. २०१७ चं बघा. ती 'कोमांचे'च्या २६ मिनिटं आधी पोचली, पण बंदरातून निघताना आडवी आली म्हणून तिला १ तासाचा दंड. मान गेला, आणि विक्रमही 'कोमांचे'च्या नावावर लागला: १ दिवस ९ तास १५ मिनिटं २४ सेकंद. २०२३ मध्ये 'लॉकनेक्ट'ने त्याच 'कोमांचे'ला ५१ सेकंदांनी हरवलं. दोन दिवसांच्या शर्यतीत ५१ सेकंद! मी चुरशीच्या बाबतीत मोठ्या बोटींच्या बाजूने.

निवृत्त_इंजिनवाला

वरातबाई, ५१ कसले, १९८२ ला फरक ७ सेकंदांचा होता. 'काँडोर ऑफ बर्म्युडा' आणि 'अपोलो'. मान्य, चुरस बघावी मोठ्यांची. पण ती होते कुठे? शेवटच्या ११ मैलांत, आमच्या डरवेंट नदीत. समुद्रभर वारा आणि नदीत शिरलं की रात्री पान हलत नाही. शंभर फुटी बोट जागच्या जागी उभी, आणि मागून दुसरी एखाद्या झुळकीवर हळूच येतेय. त्यात कौशल्य किती आणि नशीब किती, यावर आमच्या घरी दर वर्षी वाद होतो. जावई म्हणतो कौशल्य. तो क्रिकेटवाला आहे.

मी कोणाच्या बाजूने, ते सांगतो. 'लव्ह अँड वॉर' नावाची बोट १९७४ ला जिंकली, १९७८ ला जिंकली, आणि २००६ ला पुन्हा जिंकली. तोवर आजूबाजूला कार्बन फायबरच्या बोटी आलेल्या. ही आपली तीच. वारा समोरून सुटला आणि जड, जुन्या बोटीला तो मानवला. पैसेवाले दर वर्षी नवी बोट बांधतात, पण वारा कुठून येईल ते त्यांना विकत मिळत नाही.

१९९८ नंतर काय बदललं ते काल राहिलं. आता सामुद्रधुनीत शिरायच्या आधी, ग्रीन केपपाशी, प्रत्येक बोटीने रेडिओवर सांगावं लागतं की बोट ठीक, माणसं ठीक, आम्ही पुढे जातोय. नुसता उपचार वाटेल. पण ते वाक्य बोलायला कप्तानाला एकदा मागे वळून आपल्या माणसांकडे बघावं लागतं. तरीही २०२४ ला पहिल्याच रात्री दोन वेगवेगळ्या बोटींवर दोन माणसं गेली. २०२० ला करोनामुळे शर्यत रद्द झाली, तीही सुटायला आठवडा उरलेला असताना. ७५ वर्षांत तसं पहिल्यांदाच. त्या वर्षी धक्का ओकाबोका होता, बघवत नव्हतं.

एक किस्सा सांगून थांबतो. १९९३ ला जॉन क्विन नावाचे कप्तान रात्री लाटेने बोटीबाहेर फेकले गेले. अंगावर लाइफजॅकेट नाही. पाच तास पाण्यात. शोधायला आलेल्या जहाजांत एक तेलवाहू होतं, 'अँपोल सरेल'. तेवढं अवाढव्य धूड, अंधारात, आणि त्यावरच्या माणसांना पाण्यातून ओरडणारा माणूस सापडला! मी तसल्याच जहाजांवर होतो म्हणून सांगतो, डेकवरून शहाळ्याएवढं डोकं दिवसासुद्धा दिसत नाही. त्या पहाऱ्यावरच्या माणसाला मी मनातल्या मनात सलाम करतो.

मीना_ठाणे

काका, काय लिहिलंत! ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. तराफ्याच्या जागी थांबावं लागलं. शेजाऱ्यांकडे मात्र मीच जाऊन आले, 'राणी'चं सांगून. आता ह्यांचं म्हणणं, सुटताना बघू आणि विमानाने पुढे होबार्टलाही जाऊ. बोटींच्या आधी पोचू का? आणि तुमच्यासाठी इथून काय आणू? हापूसचा सीझन नाही, नाहीतर पेटीच आणली असती.

निवृत्त_इंजिनवाला

जरूर या. मोठ्या बोटी २७ च्या रात्री किंवा २८ ला येतात, त्या चुकल्या तरी चालेल. २९ ते ३१ कॉन्स्टिट्यूशन डॉकवर थांबा. छोट्या बोटी तेव्हा येतात. खलाशांचे चेहरे मिठाने पांढरे, ओठ फुटलेले, बायका-पोरं धक्क्यावर. एका वर्षी शेवटची बोट ३१ ला संध्याकाळी आली. आम्ही पन्नासेक जण उभे होतो आणि टाळ्या अशा वाजल्या की आतला म्हातारा खलाशी मागे वळून बघायला लागला, आणखी कोण आलंय म्हणून.

आणायचं म्हणाल तर काही नको. आंबा, संत्रं तर सिडनीहूनसुद्धा आणू नका. टास्मानियात बाहेरची ताजी फळं चालत नाहीत, विमानतळावर कुत्रा फिरत असतो. मागच्या खेपेला माझ्या मेव्हणीच्या पर्समध्ये अर्धं केळं होतं. कुत्रा तिच्यासमोर जो बसला तो उठेचना. वरून मेव्हणी मला सांगते, किती गोड आहे बघा, माझ्याशी खेळतोय.