ट्रायल्स बाइकला मागे कुठले रिम ब्रेक पॅड घ्यावेत? चाक सटकतंय

टेकडीवरचा_बेडूक:
नमस्कार मंडळी, दिवाळीत सेकंडहँड ट्रायल्स बाइक (पाय न टेकता दगड-कठड्यांवरून उड्या मारत चालवायची सायकल) घेतली, २६ इंची, पुढे डिस्क आणि मागे मागुरा एचएस ३३ म्हणजे ते तेलावर चालणारे रिम ब्रेक. मागच्या चाकावर उभं राहून जागच्या जागी उड्या मारायला शिकतोय, सध्या सलग ४-५ होतात. अडचण अशी की चाक टेकलं की लिव्हर पूर्ण दाबलेला असूनही ते दोन-तीन इंच पुढे सरकतं, बाइक निघून जाते आणि मी ढुंगणावर. जुने पॅड कडक, काचेसारखे चकचकीत झालेत. इथल्या एका दुकानात विचारलं तर व्ही-ब्रेकचे रबर पुढे केले, म्हणे सगळ्यांना हेच लागतात, आता त्याला मागे बोल्ट असतो आणि आमच्यात पॅड सिलिंडरवर खटकन दाबून बसतो, कसा लागणार? ऑनलाइन पिवळे, लाल, पांढरे, कुणी सॉफ्ट म्हणतं कुणी हार्ड. बाहेरच्या देशातून मागवले तर कस्टम ड्यूटी पण बसणार म्हणून एकदाच नीट घ्यायचेत.

चिखलवीर:
पॅडचं राहू दे, आधी रिम बघ. बाजूच्या पट्टीवरून नख आडवं फिरव. कानशीवर फिरवल्यासारखं खसखस लागलं तर ग्राइंड केलेली रिम, सर्रकन गेलं तर गुळगुळीत. ट्रायल्सवाले मुद्दाम अँगल ग्राइंडर मारून ओरखडे पाडतात आणि कडक पॅड त्या ओरखड्यांत रुततो. तोच पॅड गुळगुळीत रिमवर लावलास तर नुसता घसरणार, आणि गुळगुळीतसाठीचा मऊ पॅड ग्राइंडवर लावलास तर खोडरबरासारखा झिजणार. हीटसिंक, ट्रायलटेक, जित्सी कुठलाही घे पण कुठल्या रिमसाठी आहे ते वाचून घे. रंगावर जाऊ नको, प्रत्येक कंपनीचा रंगाचा हिशोब वेगळा.

नेकारकाठचा_गण्या:
मी श्टुटगार्टजवळ असतो, हे ब्रेक जिथले ते बाड उराख इथून फार लांब नाही. (मागेनविर्ट आडनावातलं मा, गुस्टाव्ह नावातलं गु आणि उराखमधलं रा, असं जुळवून मागुरा झालं, १८९३ ची कंपनी. असो.)
माझं मत जरा वेगळं. रिम गुळगुळीत असेल तर लगेच ग्राइंडर लावू नका, डांबर लावून बघा. हो, रस्त्याचंच डांबर. खडा घेऊन रिमवर दोन-चार रेघा ओढायच्या, ब्रेक दाबत चाक फिरवायचं की पातळ थर बसतो आणि मऊ पॅड असा चिकटतो की बस. रिम झिजत नाही हा मोठा फायदा.
आणि पॅडची पाठ बघा. प्लास्टिकची असेल तर दाबल्यावर दबते, धातूची घ्या. बूस्टर आहे का, म्हणजे दोन्ही सिलिंडरना जोडणारी नालेसारखी पट्टी? मित्राला लिव्हर दाबायला सांगा आणि मागून फ्रेमच्या नळ्यांकडे बघा, फाकताना दिसल्या तर निम्मा जोर तिथेच वाया जातोय.

चिखलवीर:
गण्याभाऊ, बाकी सगळं मान्य पण डांबर आणि पुण्याचा पाऊस? पाणी लागलं की ते डांबर साबण होतं. चार महिने बाइक खुंटीला टांगायची का? भिजल्यावर ग्राइंड केलेली रिमच त्यातल्या त्यात धरते.

आईची_स्टेपनी:
मुलगा २० इंची चालवतो, ग्राइंडवाली. धरते छान पण आवाज!! ब्रेक लावला की सोसायटीतली कुत्री उठतात, वरच्या आजी दोनदा खाली येऊन गेल्या. आणि एक, चेनला स्प्रेचं तेल मारताना मागच्या पॅडवर फडकं टाका. आम्ही नाही टाकलं, रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, पॅड पॉलिश पेपरवर घासले, तरी धरेनात, शेवटी नवे घ्यावे लागले.

टेकडीवरचा_बेडूक:
नख फिरवलं. व्हॉल्व्हजवळ बोटभर जागेत खसखस लागतं, बाकी सगळं सर्रकन! म्हणजे आधीच्या मालकाने ग्राइंड केली होती आणि ती झिजली, बरोबर ना? नळ्या पण फाकतात, बूस्टर नाहीच. काकांची फॅब्रिकेशनची शेड आहे, रविवारी तिथे जाऊन ग्राइंड करतो आणि कडक पॅड, धातूच्या पाठीचे मागवतो. गण्याभाऊ सॉरी. टायर काढू की राहू दे?

नेकारकाठचा_गण्या:
सॉरी कसलं, आधीच ग्राइंड झालेली रिम असेल तर मीही तेच केलं असतं. फक्त भिंत किती जाड उरलीय ते आधी बघा, पातळ वाटली तर ग्राइंडर नको, नवी रिम.

चिखलवीर:
टायर-ट्यूब काढ, पॅड पण काढ. चाक फ्रेममध्येच राहू दे, एकाने हळूहळू फिरवायचं आणि दुसऱ्याने ग्राइंडिंगचा जाड दगड तिरका धरून नुसता टेकवत जायचं, टक टक टक, एका जागी दाबायचा नाही नाहीतर खड्डा पडतो. कटिंगची पातळ चकती अजिबात नको. गॉगल घाल, काकांकडे असेलच.